झाडांचा आकडा येतो कुठून?

२०० ते ५००. नंतर १६,६८५. त्यानंतर ३३,८३८.

हे तिन्ही आकडे बंगळुरूच्या एकाच रस्त्यापायी तोडाव्या लागणाऱ्या झाडांचे आहेत. रस्ता म्हणजे तुमकूर रोडपासून होसूर रोडपर्यंत शहराला अर्धा वेढा घालणारा, तेव्हाच्या आराखड्यात सुमारे ६५ किलोमीटरचा, आठपदरी पेरिफेरल रिंग रोड. पर्यावरण आघात अहवालात आधी २०० ते ५०० झाडे होती, पुढे ती १६,६८५ झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळालेली मंजुरी आधी हरित लवादात आणि मग सर्वोच्च न्यायालयात अडकली. न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी अभ्यास नव्याने करायला सांगितला. २०१४ साली मंजुरी घेताना वापरलेली मोजमापे २००९-१० सालची, म्हणजे चालणार नाहीत इतकी शिळी होती. निकालाच्याच वर्षी, २०२० मध्ये, नव्या अहवालावर जनसुनावणी झाली, तेव्हा झाडे होती ३३,८३८.

न्यायालयाचा तो निकाल वाचल्यावर मला एकच प्रश्न पडला: झाडांचा असा आकडा कागदावर येतो कुणाच्या हातून? त्यासाठी मी बंगळुरूच्या राजाजीनगरमधल्या एका सल्लागार संस्थेत गेले. तिथे दुसऱ्याच एका रस्त्याच्या अहवालाचे काम चालू होते.

कार्यालयात सगळे जिला ‘अक्का’ म्हणतात ती बाई मूळची बेळगावच्या शहापूरची. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा तिच्या जिभेवर. पद डॉक्युमेंट कंट्रोलरचे. हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती यांचे तज्ज्ञ आपापली प्रकरणे पाठवतात, प्रयोगशाळा तपासण्यांचे निकाल पाठवते, सर्व्हेवाले नकाशे पाठवतात. या सगळ्याचा एक अहवाल करायचे काम अक्काचे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने अहवालाची बारा प्रकरणे ठरवून दिली आहेत. पानांना क्रमांक घालणे, फायलींना नावे देणे, जुनी आवृत्ती बाजूला काढणे ही रोजची कामे तिची पोरे करतात.

तिने स्वतःकडे ठेवली आहे ती एक फुलस्केप वही. अहवालात एकापेक्षा जास्त ठिकाणी येणारा प्रत्येक आकडा त्या वहीत आहे: रस्त्याची लांबी, जमीन, घरे, विहिरी, झाडे. पुढे रकाने: कोणते प्रकरण, कोणता तक्ता, कुणी पाठवला, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारावर. झाडांच्या ओळीशी तिचे बोट थांबले. चौथ्या प्रकरणात एक संख्या, दहाव्यात दुसरी. तिने वनस्पतीवाल्या तरुणाला बोलावले. त्याने सांगितले, पहिली मोजणी रस्त्याच्या मूळ रुंदीची आहे. मधल्या काळात डिझाइनवाल्यांनी एका इंटरचेंजची जागा वाढवली, दुसरी मोजणी त्यानंतरची. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, पण रस्ता एकच बांधला जाणार होता.

अक्काने मोजणीची मूळ पाने मागवली. पावसाने फुगलेले, कडेला लाल मातीचे ठसे असलेले तक्ते. खोडावर रंगवलेला क्रमांक, झाडाचे नाव, छातीच्या उंचीवर घेतलेला घेर. होंगे (करंज), हुणसे (चिंच), नीलगिरी, पुन्हा होंगे. काही पानांवर गावाचे नाव नव्हते. ती पाने तिने बाजूला काढली आणि गाव लिहून, सही करून परत द्यायला सांगितली. पोरगा म्हणाला, त्यासाठी परत साइटवर जावे लागेल. ‘मग जाऊन ये की,’ अक्का म्हणाली.

छपाई अॅव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीत. तापलेल्या टोनरचा आणि बाइंडिंगच्या डिंकाचा वास इतका उग्र, की कपड्यांना तो दुसऱ्या दिवशीही येत होता. जनसुनावणीसाठी अहवालाच्या मसुद्याच्या किमान दहा छापील प्रती द्याव्या लागतात. जिल्हा प्रशासन, जिल्हा परिषद, स्थानिक संस्था अशा ठिकाणी त्या लोकांना पाहायला ठेवतात, आणि सुनावणीआधी निदान ३० दिवसांची नोटीस असते. सोबत इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत सारांश, जास्तीत जास्त दहा पानांचा. अक्का त्या कन्नड सारांशाचे पान न् पान बोट ठेवून वाचत होती. झाडांचा जुना आकडा तिथे तसाच राहिला होता. तिने मशीन थांबवायला लावले. तेवढ्यात साहेबांचा फोन: मुख्य अहवालात बरोबर आहे ना, मग उद्या देऊन टाका. ती म्हणाली, ‘सर, गावातला माणूस हीच दहा पानं वाचणार आहे.’ प्रती पुन्हा छापल्या गेल्या.

त्या एका वाक्यासाठी मला या बाईचे काम मोठे वाटते. मात्र तिच्या अधिकाराची सीमाही तिने मला स्पष्ट सांगितली. ‘बघा ओ ताई, आकडे जुळतात की नाही ते मी सांगते. झाडं खरंच किती आहेत ते ज्यानं मोजली त्यानंच सांगायचं.’ आणि मोजणाऱ्याचा पगार शेवटी येतो तो रस्ता बांधू पाहणाऱ्याच्या पैशातून. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे उचललेले निघाले होते; कोकणच्या पक्ष्यांना त्यात स्प्रूस आणि बर्चची जंगले राहायला दिली होती. तो अहवालही कुणीतरी नीट बांधून, शिक्का मारून वेळेत सादर केलाच होता.

पेरिफेरल रिंग रोडच्या २०० ते ५०० चे ३३,८३८ कसे झाले, याचा हिशेब नागरिकाला सहज तपासता यायला हवा होता. त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. म्हणून अक्काची वही कपाटात न राहता अहवालाचे परिशिष्ट म्हणून छापली जावी, असे माझे मत झाले आहे. प्रत्येक आकड्यासमोर त्याचा उगम, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्याची सही हवी. स्थानिक भाषेतल्या सारांशात झाडे गावनिहाय हवीत, म्हणजे शेतकरी आपल्या बांधावरची स्वतः मोजून पाहील. आणि अभ्यास करणाऱ्या सल्लागारांची माहिती ज्या बाराव्या प्रकरणात द्यावी लागते, तिथे कागद सांभाळणाऱ्या माणसाचे नाव असावे, आकडे जुळेपर्यंत अहवाल रोखण्याच्या लेखी अधिकारासह. आज अक्का अहवाल थांबवते ते केवळ तिच्या हिमतीवर. हजारो झाडांचा निर्णय एका बाईच्या हिमतीवर सोडून चालणार नाही.