टाकीचा काठ बांधा, मगच पाणी भरा



शेतीला जोड म्हणून शोभेचे मासे पाळण्याकडे अलीकडे अनेक घरे वळू लागली आहेत. परसात सिमेंटच्या टाक्या, पडवीत काचेच्या टाक्या आणि त्यांत गोल्डफिश, गप्पी, मोली, एंजल अशी माशांची बिऱ्हाडे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत या परसातल्या धंद्यालाही जागा मिळाली. माशांचे खाद्य, रोग, विक्री यांविषयी पुष्कळ सांगितले जाते. पण मासे ज्या टाकीत राहतात, त्या टाकीच्या बळकटीविषयी फार थोडे बोलले जाते. आज तेच बोलायचे आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी भगिनींच्या बचत गटाने मोठ्या हौसेने काचेची टाकी करून घेतली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काच ८ मिलिमीटरची. वर पट्ट्या नव्हत्या, कारण जाळी घालायला अडचण नको असे ठरले होते. मला बोलावून टाकी दाखवली. मी सांधे पाहिले, पाणी कुठे ठिबकत नाही ना ते पाहिले आणि “छान झाली” म्हणून चहा घेऊन निघालो.

चौथ्या रात्री टाकी फुटली. सकाळी गटाच्या अध्यक्षबाई दारात उभ्या. “साहेब, बार उडाल्यागत आवाज झाला. पाणी उंबऱ्याबाहेर, मासे अंगणात. पोरगं रोज त्या टाकीपाशीच अंथरूण टाकतं. काल आजीजवळ निजलं म्हणून वाचलं हो.”

मी शेतकी पदवीधर. बांध कसा घालावा, सांडवा कुठे काढावा, हे सारी नोकरी लोकांना सांगत आलो. पण काचेचा बांध समोर उभा असताना मला तो ओळखता आला नाही. तुमच्या घरी तसे होऊ नये, म्हणून हा लेख.

पाणी किती ढकलते?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्या सहा फुटी टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. म्हणजे जवळजवळ सात क्विंटल. हे झाले खाली पडणारे वजन. पण पाणी नुसते खाली बसत नाही, ते बाजूलाही ढकलते. त्या टाकीच्या समोरच्या एकट्या काचेवर सुमारे ३४० किलोचा रेटा असतो. सात-आठ पोती सिमेंट रात्रंदिवस काचेला रेलून उभे आहे असे समजा. तेवढाच रेटा मागच्या काचेवरही असतो.

हा रेटा कशाने वाढतो ते नीट लक्षात घ्या. आपण मातीचा बांध तळाशी रुंद आणि माथ्याला अरुंद ठेवतो, कारण जितके खोल, तितका पाण्याचा जोर अधिक. काचेचेही तेच. चार फूट लांब आणि दीड फूट उंच काचेवर काठोकाठ पाणी असता सुमारे १२७ किलो रेटा येतो. लांबी तीच ठेवून उंची फक्त अर्धा फूट वाढवली, तर तो २२७ किलो होतो. म्हणजे पाणी वाढले एक तृतीयांश आणि रेटा वाढला पाऊणपटीहून जास्त. टाकी बनवणारा कारागीर “किती लिटरची?” असे विचारील. तुम्ही आधी “किती खोल?” याचा विचार करावा.

जोर तळाशी, मग पट्टी वर का?

हाच प्रश्न त्या गटातील एका भगिनीने मला विचारला, आणि प्रश्न अगदी रास्त आहे.

समोरच्या काचेला चार कडा असतात. खालची कड तळाच्या काचेला चिकटलेली असते. दोन बाजूच्या कडा आडव्या काचांना चिकटलेल्या असतात. वरची कड मात्र मोकळी असते. तळाशी जोर फार, पण तिथे काच धरलेली आहे. वर जोर थोडा, पण तिथे धरणारे कोणी नाही. म्हणून काच वरच्या काठाला, अगदी मधोमध, बाहेर फुगते. टाकी लांब असेल तर हा फुगवटा आणखी वाढतो. काच लोखंडासारखी वाकून राहत नाही. थोडी वाकते, आणि मग एखाद्या टवक्यापासून तडकते. नाही तर कोपऱ्यातला सांधा ताणून ताणून फाटतो.

आपल्या घरातली भांडीच पाहा. पत्र्याच्या बादलीचा काठ वळवून आत तार भरलेली असते. सुपाच्या कडेला कामटी बांधलेली असते. ती तार, ती कामटी काढली तर बादली चेपते आणि सूप ढिले पडते. पातळ वस्तूचे बळ तिच्या काठात असते. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात ज्यांनी मासे पाहिले असतील त्यांना आठवेल, तिथे काचा भिंतीत खिडकीसारख्या बसवलेल्या होत्या. म्हणजे चारही कडा धरलेल्या. आपल्या घरच्या टाकीला ती चौथी धरलेली कड पट्टीने द्यावी लागते.

पट्ट्या कशा असाव्यात?

पट्ट्या दोन प्रकारच्या. पहिली लांब पट्टी. ही समोरच्या आणि मागच्या काचेला आतून, वरच्या काठाजवळ, फळीसारखी आडवी चिकटवतात. रुंदी तीन इंच ठेवावी. दुसरी आडवी पट्टी. ही समोरच्या लांब पट्टीपासून मागच्या लांब पट्टीपर्यंत जाते. जोखडामुळे जसे दोन बैल एका अंतरावर राहतात, तशा या पट्टीमुळे दोन्ही काचा एकमेकींपासून दूर सरकत नाहीत. हिची रुंदी सहा इंच असावी. चार फुटी टाकीला मधोमध एक पुरे. सहा फुटी टाकीला सारख्या अंतरावर दोन घालाव्यात.

आडवी पट्टी नुसती टोकाला टोक लावून चिकटवू नये. ती लांब पट्ट्यांवर पुरती टेकवून, जिथे काच काचेवर येते त्या सगळ्या भागात सिलिकॉन लावावे. पट्टीची काच भिंतीच्या काचेइतकीच जाड असावी. कारागीर उरलेले पातळ तुकडे वापरू पाहील, त्याला नको म्हणावे.

काच किती जाड घ्यावी? चार फूट लांब, दीड फूट उंच टाकीला पट्ट्यांसह १० मिलिमीटर आणि सहा फूट लांब, दोन फूट उंच टाकीला पट्ट्यांसह १२ मिलिमीटर काच घेतली तर मन निर्धास्त राहते. खिडकीची जुनी, ओरखडे पडलेली काच स्वस्त मिळाली तरी टाकीला वापरू नये. कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात.

सिलिकॉन लावण्यापूर्वी काच कोरडी आणि स्वच्छ असली पाहिजे. तेलकट बोटाचा डागसुद्धा चालत नाही. दोन काचांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर सिलिकॉनचा थर राहिला पाहिजे. काचेला काच भिडता कामा नये. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या, बुरशी न धरणाऱ्या सिलिकॉनमध्ये औषध मिसळलेले असते, ते माशांना घातक ठरते. म्हणून मत्स्यटाकीसाठीचेच मागावे. चिकटवल्यावर पूर्ण सात दिवस टाकीला हात लावू नये. घाई इथेच नडते.

लोखंडी चौकट

काही कारागीर वरच्या काठाला लोखंडी अँगलची चौकट बसवतात. बैलगाडीच्या चाकाला धाव असते तशी ही चौकट टाकीला बाहेरून आवळून धरते. पद्धत चांगली, पण तीन गोष्टी पाहाव्यात. कोपरे नीट वेल्डिंग केलेले असावेत. लोखंड काचेला थेट लागू नये, मध्ये सिलिकॉनचा थर असावा. आणि टाकी चार फुटांहून लांब असेल तर चौकटीलाही मधे आडवा दांडा हवा, नाहीतर लांब अँगलही काचेबरोबर बाहेर वाकतो. चौकटीला आधी रेड ऑक्साइड आणि वर तेलरंग द्यावा. रंग उडालेला दिसला की लगेच डागडुजी करावी. गंजलेली चौकट आधार देत नाही.

बैठक सपाट हवी

पाणी, काच आणि खडी धरून सहा फुटी टाकीचे वजन साडेआठ क्विंटलच्या घरात जाते. सारवलेल्या जमिनीवर घोडा ठेवला तर एक पाय खचतो, टाकी पिळवटते आणि वरची पट्टी कितीही चांगली असली तरी खालून तडा जातो. म्हणून खाली कोबा करून घ्यावा. घोडा जाड अँगलचा आणि मधे आधाराचे पाय असलेला करावा. गवंड्याची पाणसळ लांबीत, रुंदीत आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवून पाहावी.

घोड्यावर पाऊण इंची प्लायवूड आणि त्यावर थर्माकोल अंथरून टाकी ठेवावी, म्हणजे एखादा खडा तळाच्या काचेत रुतत नाही. मात्र ज्या टाकीला खालूनही चौकट आहे आणि तळाची काच चौकटीवर उचललेली आहे, तिच्या काचेखाली थर्माकोल कोंबू नये. तिचे वजन कडांवरच गेले पाहिजे.

पाणी भरण्याची रीत

टाकी रिकामी असताना वरच्या काठाची रुंदी मधोमध टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. मग पाव टाकी भरा आणि रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवशी वरून दोन-तीन बोटे सोडून पूर्ण. दर वेळी माप घ्या. सूतभर जरी फुगवटा दिसला तरी पाणी अर्ध्यावर आणा आणि कारागिराला बोलवा. मासे त्यानंतर सोडावेत.

भरलेली टाकी कधीही सरकवू नये. रिकामी टाकीसुद्धा पट्टीला धरून उचलू नये, तळाला हात घालून उचलावी. पट्टीवर खाद्याचे डबे रचू नयेत. पंपाची वायर आधी खाली झोळ देऊन मग बटणाकडे न्यावी, म्हणजे थेंब वायरवरून बटणात शिरत नाहीत. आणि टाकीच्या बाजूला कोणाचेही अंथरूण नको.

खोलीचा हव्यास कशाला?

शेवटी एक मनापासूनचा सल्ला. धंद्यासाठी खोल टाकीची गरजच नसते. माशांना लागणारा प्राणवायू पाण्याच्या वरच्या अंगाने मिसळतो. टाकी पसरट असेल तर हवा अधिक मिळते. दीड फूट खोलीत गप्पी, मोली, गोल्डफिश आनंदाने वाढतात, पिल्ले जाळीत सहज येतात, काच स्वस्त पडते आणि धोकाही कमी. दोन-अडीच फुटांची टाकी शहरातल्या दिवाणखान्याला शोभते. आपल्याला शोभा विकायची आहे, घरात मांडायची नाही.

बर्लिन शहरात एका हॉटेलात दहा लाख लिटर पाण्याचा पारदर्शक मनोरा होता. काचेचा नव्हे, ॲक्रिलिकचा. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे तो फुटला आणि रस्त्यापर्यंत पाणी गेले. निष्णात लोकांनी बांधलेल्या टाकीची ही गत, तर आपण गावच्या कारागिराकडून करून घेताना किती जपले पाहिजे!

त्या गटाने पुढे काय केले ते सांगतो. भगिनींनी हिंमत सोडली नाही. नुकसान सोसून त्यांनी चार फुटी, दीड फूट उंचीच्या दोन टाक्या केल्या. या वेळी टेप, पाणसळ आणि सिलिकॉनची नळी घेऊन मीही दिवसभर बसलो. पाणी भरायला चार दिवस लागले, तेव्हा मुलेही कंटाळली. पण आज त्या टाक्या उभ्या आहेत, आणि त्या घरातले ते पोर आता दुसऱ्या खोलीत निजते.

तुमच्या घरी टाकी असेल तर हा अंक खाली ठेवून आधी तिच्या वरच्या काठाकडे पाहून या. पट्टी नसेल तर आजच पाणी अर्ध्यावर आणा. मासे थोडे दाटीत राहतील, त्यातले काही दुसऱ्या टाकीत हलवा, पण घर सुखरूप राहील.