वजनकाट्याला न दिसणारी वाढ

अंगणवाडीत मुलांचं वजन होतं, उंची मोजली जाते. चार वर्षांच्या मुलाला तोल न जाता लंगडी घालता येते का, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. ग्लासगोतल्या ३६ शिशुशाळांत ५४५ मुलांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. आठवड्यातून तीनदा अर्धा तास मुलांकडून ठरवून हालचाली करून घेतल्या, असं २४ आठवडे. हेतू लठ्ठपणा रोखण्याचा. तो साधला नाही. वजन-उंचीचं प्रमाण तसंच राहिलं, दिवसभराची हालचालही वाढली नाही. उड्या, तोल अशी कौशल्यं मात्र इतर मुलांपेक्षा सुधारली. स्वित्झर्लंडच्या ४० बालवर्गांतही (२०११) वजनाच्या प्रमाणात फरक नाही, पण दम आणि चपळाई वाढली. नुसता काटाच पाहिला असता, तर दोन्ही उपक्रम वाया गेले असंच म्हणावं लागलं असतं.

यावर हमखास म्हटलं जातं, की आपली पोरं दिवसभर हुंदडतात, त्यांना हे कशाला शिकवायचं? हुंदडण्याला जागा लागते आणि घरच्यांची निर्धास्ती लागते. बदलापूरच्या पुढच्या वांगणीत, जिथे परवडणाऱ्या घरासाठी मुंबईकडची माणसं येऊन राहतात, ही निर्धास्ती गृहीत धरता येत नाही. इथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. १७ एप्रिल २०२१ रोजी दृष्टिहीन आईसोबत फलाटावरून चालणारा मुलगा रुळांवर पडला आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवलं. अशा आईनं मुलाचा हात घट्ट धरून ठेवला, तर तिला दोष कोण देईल? शिवाय मोकळ्या खेळात आधीच चपळ असलेली मुलं आणखी पळतात आणि अडखळणारं कडेला बसतं. ठरवून घेतलेल्या खेळाचा खरा उपयोग या कडेला बसणाऱ्याला आहे.

सेविकेवर आधीच नोंदींचा डोंगर आहे, खोली एवढीशी आहे, ही तक्रार खरी आहे. पण इथे लागतं ते खडूची एक रेघ, एक दोरी आणि मदतनीसची साथ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरात सापडणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं होतं. कुपोषित मुलांना धावायला लावायचं का, हा आक्षेप अधिक गंभीर. तीव्र कुपोषित बालकाला आधी आहार आणि उपचार, यात वाद नाही. बाकीच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या वयाला रोज तीन तास हालचाल सांगते. त्यापुढे आठवड्याचा दीड तास म्हणजे फार काही नाही. अडचण येईल ती वर्षअखेरी. काट्यावर फरक दिसणार नाही आणि उपक्रम बंद करायला तेवढं निमित्त पुरेल. म्हणून जूनमध्येच वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: उजव्या पायावर किती उड्या, डाव्यावर किती.