फुकटच्या प्रवासाचे भाडे कोण भरतो?



कामगार चळवळीतल्या माणसाने क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर बोलावे, हे पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी हे आमचे नेहमीचे विषय. पण पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवणे हे जसे आमचे काम, तसेच त्या पगाराला पुढे कोठे कोठे पाय फुटतात हे दाखवणे हेही आमचेच काम होय. आज फिटरच्या, शिक्षकाच्या, बँकेतल्या कारकुनाच्या खिशात कार्ड आलेले आहे. 'कार्डावर खरेदी करा, पॉइंट जमवा आणि विमानाने फुकट फिरा' हे वाक्य त्यांच्या कानांवर सतत पडते. हे वाक्य खोटे नाही. ते अर्धे आहे. उरलेले अर्धे वाक्य आज आपण पुरे करू.

प्रथम, हा पॉइंट येतो कोठून? आकाशातून तर पडत नाही. तुम्ही दुकानात शंभर रुपयांचा माल घेता आणि कार्ड पुढे करता. दुकानदाराच्या खात्यात शंभर रुपये जमा होत नाहीत; ढोबळ मानाने दीड-दोन रुपये मध्येच कापले जातात. ह्या कापलेल्या रकमेचा मोठा वाटा तुमचे कार्ड काढणाऱ्या बँकेला जातो आणि त्यातलाच काही भाग ती पॉइंटांच्या रूपाने तुमच्या हातावर ठेवते. दुकानदार ही कात्री आपल्या खिशाला किती दिवस लावून घेईल? तो ती मालाच्या किमतीत चढवतो, आणि ती किंमत रोख पैसे देणाऱ्या मोलकरणीलाही तेवढीच मोजावी लागते. तिला मात्र पॉइंट मिळत नाही.

ह्याचा पडताळा दोन बाजूंनी घेता येतो. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने थेट बँकखात्यातून पैसे दिले, तर दुकानदाराकडून असे शुल्क घ्यायचे नाही असे सरकारने ठरवले. म्हणूनच त्या मार्गाने पैसे देणाऱ्यावर कोणी पॉइंटांची खैरात करीत नाही. जेथे कापणी नाही तेथे वाटणी कोठली? दुसरा पडताळा युरोपचा. तेथे डिसेंबर २०१५ पासून बँकांमधले हे शुल्क क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यावर बांधून टाकण्यात आले, आणि तेथली बक्षिसे रोडावली. ऑस्ट्रेलियातही २००३ साली तेथल्या रिझर्व्ह बँकेने शुल्क उतरवल्यावर हेच झाले.

आता ह्या व्यवहाराचे कूळ पाहू. १९५० साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लबचे पुठ्ठ्याचे कार्ड निघाले, ते उपाहारगृहातले बिल महिनाअखेर भरण्यासाठी. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी सुमारे साठ हजार कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर पाठवली. त्याच कार्डाचे पुढे १९७६ साली व्हिसा असे नामकरण झाले. प्रवासाच्या पॉइंटांची कथा निराळी. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नित्याच्या गिऱ्हाइकांना मैलांच्या हिशेबाने बक्षीस देणारी योजना काढली. १९८७ साली त्या योजनेला सिटीबँकेच्या कार्डाची जोड मिळाली. तेव्हापासून मैल मिळवायला विमानात बसण्याची गरज उरली नाही, किराणा घेतला तरी पुरे. विमानकंपनी मैल बँकेला विकते आणि बँक ते गिऱ्हाइकाला वाटते. हा धंदा केवढा वाढला म्हणाल, तर २०२० साली करोनाच्या काळात विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरांचे कर्ज उभारले. बक्षीस तारण ठेवता येत नाही. जे तारण ठेवता येते तो धंदा असतो.

असो. धंदा म्हणजे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की ह्या धंद्यात आपण कोणत्या बाजूला उभे आहोत?

कार्डधारक दोन प्रकारचे. पहिला, बिल येताच ते देय तारखेच्या आत पैन् पै भरणारा. त्याला चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी वापरायला मिळतात आणि वर पॉइंट मिळतात. दुसरा, बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' तेवढी भरून बाकीची पुढे ढकलणारा. आपल्याकडे कार्डाचे व्याज पुष्कळदा दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे दरसाल बेचाळीस टक्के असते. त्यावर अठरा टक्के जीएसटी निराळा. शिवाय एकदा बाकी ठेवली, की पुढच्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते.

फळ्यावर हिशेब मांडू. समजा, पन्नास हजार बाकी आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे अडीच हजार रुपये. महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावरचा कर ३१५ रुपये, एकूण २,०६५. भरलेल्या अडीच हजारांतून मुद्दल फिटले किती? फक्त ४३५ रुपये! आता पॉइंटांची बाजू. महिन्याला वीस हजारांची खरेदी केली आणि रुपयामागे एक पैसा सुटला असे धरले, तर वर्षाचे २,४०० रुपये होतात. पन्नास हजारांच्या बाकीवरचे दोन महिन्यांचे व्याज हे सगळे गिळून टाकते आणि वर ढेकर देते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

हा प्रकार कामगाराला नवा नाही. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात त्याने, १९३१ साली आपला अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांतली निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत, आणि रुपयाला महिना एक आणा व्याज सर्रास चालते, असे त्याने नोंदवले. रुपयाला एक आणा म्हणजे दरसाल पाऊणशे टक्के. तो सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राही. आजचा दर बेचाळीस टक्के आहे आणि काठीही दिसत नाही. उलट विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात चहा मिळतो. फरक आहे खरा. पण जात एकच.

कायदा ह्यात कोठवर आपल्या बाजूला आहे? तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरवले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा व्याजाच्या दरासाठी त्या निर्णयाचा आधार आता उरला नाही. मात्र रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये बँकांना काही गोष्टी बजावल्या, त्या गाठीशी बांधून ठेवा. मागितल्यावाचून कार्ड देऊ नये. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा बिलावर द्यावा. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज आल्यास ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद करावे, नाही तर दिवसाला पाचशे रुपये दंड गिऱ्हाइकाला द्यावा.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, 'मग कार्ड कातरून टाकावे काय?' तसे आमचे म्हणणे नाही. जो हिशेबाने वागतो त्याने आपला वाटा अवश्य घ्यावा. पण घ्यावा कसा, ते ऐका.

पहिली गोष्ट, जो खर्च रोखीनेही केलाच असता तेवढाच कार्डावर करावा: किराणा, विजेचे बिल, विम्याचा हप्ता. त्यातही कार्डासाठी जादा आकार लावत असतील तर तेथे रोख बरी. पॉइंटांसाठी खरेदी करणे म्हणजे भाजीवर कोथिंबीर फुकट मिळते म्हणून चार किलो वांगी घरी आणणे. खरेदी केली त्याच दिवशी तेवढे पैसे खात्यात बाजूला काढावेत आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी लेखी सूचना बँकेला द्यावी. कार्डाने यंत्रातून रोख रक्कम कधी काढू नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते आणि आकार वेगळा.

दुसरी गोष्ट, पॉइंटाची किंमत पैशांत काढायला शिकावे. समजा, मुंबई-दिल्ली विमानाचे तिकीट सहा हजारांचे आहे. तेच पॉइंटांवर घ्यायचे तर आठ हजार पॉइंट आणि करापोटी बाराशे रुपये रोख लागतात. सहा हजारांतून बाराशे वजा केले, उरले चार हजार आठशे. त्यांना आठ हजारांनी भागले, तर पॉइंट पडला साठ पैशांना. तेच आठ हजार पॉइंट बिलात वळते करून दोन हजार रुपये मिळत असतील, तर तेथे पॉइंट पाव रुपयाचा. ह्या हिशेबाने तिकीट घेणे चांगले. पण थांबा! तुम्ही एरव्ही रेल्वेने हजार रुपयांत गेला असता, तर तुमचे वाचले हजार, चार हजार आठशे नव्हेत; उलट बाराशे रोख गेलेच. जो खर्च आपण कधी केलाच नसता, तो 'वाचला' म्हणून वहीत मांडता येत नाही. कार्डाची वार्षिक फी आणि परदेशी गेल्यास चलनबदलावर लागणारा दोन-साडेतीन टक्क्यांचा आकारही ह्याच वहीत मांडावा.

तिसरी गोष्ट, पॉइंट साठवून ठेवू नयेत. पॉइंट हे असे नाणे आहे की त्याची टांकसाळ एका कंपनीच्या हाती आणि किंमत ठरवणेही तिच्याच हाती. आज आठ हजारांना मिळणारे आसन उद्या बारा हजारांना झाले, तर दाद कोठे मागणार? जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिची पॉइंटांची योजना निराळ्या कंपनीकडे असल्यामुळे त्याच वर्षी नाव बदलून पुढे चालू राहिली. पण जेटच्या विमानाने जायचे म्हणून ज्यांनी पॉइंट राखले होते, त्यांना ते विमान मिळाले नाही. आणि पॉइंटवाल्यांहून वाईट दशा हजारो कामगारांची झाली, ज्यांचे पगार थकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. म्हणून सांगतो, आसन डोळ्यांनी पाहावे, मगच पॉइंट मैलांत बदलावेत, आणि जमतील तसे वापरून टाकावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फुकटच्या प्रवासाचे भाडे कोण भरतो? काही भाग सर्वच गिऱ्हाइके भरतात, रोखीने देणारेसुद्धा. आणि बँकेच्या ताटात उरलेली वाढ करतो तो बाकी ठेवणारा. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली ह्याचा हिशेब मांडला. वर्षाला वीस हजार डॉलरांपर्यंत मिळकत असलेले कुटुंब ह्या व्यवहारात सरासरी २१ डॉलर गमावते आणि दीड लाख डॉलर व त्याहून अधिक मिळकतीचे कुटुंब ७५० डॉलर मिळवते, असे त्यांना दिसले. गरिबाच्या ताटातून श्रीमंताच्या ताटात, तेही कोणाला कळू न देता! एकाच कारखान्यात दुरुस्ती खात्यातला माणूस कार्डाची बाकी ओढत असतो आणि वरच्या मजल्यावरचा अधिकारी पॉइंटांवर सहकुटुंब फिरून येतो. दोघांची तोंडओळखही नसते. पण एकाच्या तिकिटाला दुसऱ्याच्या व्याजाचा हातभार लागलेला असतो.

खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला परतावा देण्याची कल्पना मुळात कामगारांचीही आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी विणकर आणि इतर कारागीर अशा अठ्ठावीस जणांनी आपले सहकारी दुकान काढले. नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत मिळे. पण त्यांचा एक नियम कडक होता: उधारी नाही. कारण उधारी आली की परतावा देणारा आणि घेणारा एक राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कार्डवाल्यांनी परतावा उचलला आणि तो नियम तेवढा सोडून दिला.

तेव्हा आमचे सांगणे असे. ज्याच्या कार्डावर बाकी आहे, त्याने आज पॉइंट मोजणे थांबवावे आणि आधी बाकी फेडावी. आपल्या पगारदार पतसंस्थेत जावे. तेथे दरसाल बारा टक्के दराने पन्नास हजारांचे कर्ज मिळाले, तर महिन्याचे व्याज पाचशे रुपये पडेल. कार्डाचे २,०६५ होते, हे आपण फळ्यावर पाहिले. हे कर्ज घेतल्यावर कार्ड पुन्हा भरू नये, हे निराळे सांगायला नको. आणि ज्याला प्रवास करायचा आहे, त्याने दरमहा हजार रुपये आवर्त ठेवीत टाकावेत. वर्षाचे बारा हजार आणि थोडे व्याज. एवढ्यात चार माणसांचे कुटुंब रेल्वेने कोकणात जाऊन समुद्र पाहून येते. पॉइंट मिळालेच तर त्यांची त्यात भर घालावी. भाकरी आपल्या घरची असली, की कोणाच्याही दुकानची चटणी गोड लागते.

प्रवास ही चैन आहे असे आम्ही कधीच मानले नाही. पगारी रजा मिळावी म्हणून कामगार पिढ्यान् पिढ्या भांडले ते काही रजेत घरी झोपून राहण्यासाठी नव्हे. मुलांनी डोंगर पाहावा, नदी पाहावी, दुसऱ्या मुलखातली माणसे पाहावीत, हा त्यांचा हक्कच आहे. पण ऋण काढून सण करण्याची जुनी खोड नव्या कार्डावर चालू ठेवली, तर प्रवास चार दिवसांत संपेल आणि हप्ते चार वर्षे चालतील. घरी गेल्यावर बिलाचा कागद काढा, 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम' हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा, आणि ह्या महिन्यात त्यांतला कोणता आकडा भरणार ते आजच ठरवा. प्रवासाचे तिकीट पुढचे. आधी हे ठरू द्या.