रक्तशर्करेच्या आकड्यांतील तफावत

रात्री भाकरी-भाजीखेरीज काही न घेता, गोडाला स्पर्शही न करता निजलेल्या मधुमेही गृहस्थाचा निजतेवेळचा १३० हा आकडा सकाळी उपाशीपोटी १६० दिसला, म्हणजे घरची मंडळी त्याने मध्यरात्री फडताळ उघडले असावे असा संशय घेतात, आणि तो न केलेल्या कसुराचा जाब देत बसतो. साखर केवळ ताटातून रक्तात येते, या समजुतीचे हे फळ होय. वस्तुस्थिती अशी की, पहाटे तीन-चारच्या सुमारास देह जागृतीची सिद्धता करू लागतो, कॉर्टिसॉल, वृद्धिसंप्रेरक आदी द्रव्यांचा प्रभाव वाढतो, आणि त्यांच्या प्रेरणेने यकृत शर्करा रक्तात सोडते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड तेवढे इन्सुलिन पुरवून तिचा बंदोबस्त करते, मधुमेह्याला ते साधत नाही. या आकड्याला भिऊन रात्रीचे जेवण परस्पर बंद करणे मात्र घातक ठरू शकते, कारण इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असता साखर ७० च्या खाली उतरण्याचे भय असते, आणि तो प्रसंग १६० च्या आकड्याहून फार गंभीर आहे.

घरचे यंत्र १८५ दाखवते व प्रयोगशाळा १६८, म्हणून यंत्र बिघडले असा निर्वाळा देणेही न्याय्य नव्हे. आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० किंवा त्याहून अधिक साखरेस १५ टक्के, आणि त्याखाली १५ मिलिग्रॅम एवढी तफावत ग्राह्य असून, शंभरापैकी पंचाण्णव मोजण्या या मर्यादेत बसल्या की यंत्र कसोटीस उतरते. शिवाय जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर स्वभावतःच अधिक असते. खरी चूक पुष्कळदा हाताची असते: हापूस चिरून, बोटे नुसती फडक्याला पुसून सुई टोचली, तर कातडीवर राहिलेल्या रसाचा अंश थेंबात मिसळतो आणि आकडा भलताच चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने तो रस पुरता निघेलच याची खातरजमा नाही. साबण-पाण्याने हात धुऊन कोरडे करावे, आणि पट्ट्यांच्या डबीचे झाकण, विशेषतः पावसाळ्यात, घट्ट लावावे.

तपासणीपूर्वी दोन दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीचा आकडा सुधारता येतो खरा, पण एचबीएवनसी तपासणी साधारण मागील तीन महिन्यांचा हिशेब मांडते. तेथे ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४ मिलिग्रॅम. मात्र ही सरासरी असल्याने, कधी ६० तर कधी २५० अशी हेलकावणारी साखरही तिच्याआड दडून राहू शकते. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत कळकळीने सांगावीशी वाटते, ती अशी की, लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हा आकडा वास्तवाहून अधिक, तर रक्तस्रावानंतर कमी येऊ शकतो. म्हणून असा काही विकार असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा, एका आकड्यावरून औषधाची मात्रा स्वतः बदलू नये, आणि भेटीस जाताना घरची वही न्यावी, जिच्यात प्रत्येक आकड्याशेजारी वेळ, जेवण, ताप, जागरण आणि चालू असलेली स्टेरॉइडची गोळी यांची नोंद केलेली असेल.