विश्लेषण : भूल उतरली, पण स्नायू पूर्ववत झाले का? ते मोजणारे यंत्र वापरात यायला वेळ का लागतो?

मोठ्या शस्त्रक्रियेत भुलेसोबत अनेकदा स्नायू शिथिल करणारे औषधही दिले जाते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण डोळे उघडतो, हाकेला ओ देतो. पण या औषधाचा अंमल काही वेळा पूर्ण ओसरलेला नसतो. तो मोजणारी यंत्रे आहेत. तरीही त्यांचा वापर सरसकट होत नाही, तो का?

स्नायू शिथिल कशासाठी करतात?

श्वासनलिकेत नळी घालणे सोपे व्हावे आणि पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल राहावेत, यासाठी. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना ‘क्युरारे’ हे वनस्पतिजन्य विष लावत. १९४२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलेसोबत त्याचा वापर केला. आता रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम यांसारखी औषधे दिली जातात. त्यांनी श्वसनाचे स्नायूही थांबतात, त्यामुळे तेवढा वेळ व्हेंटिलेटर श्वास देतो.

अंमल उरला तर काय होते?

घशाचे स्नायू दुबळे राहतात. नळी काढल्यावर श्वासमार्ग अडू शकतो, रक्तातील ऑक्सिजन घटू शकतो, जठरातील द्रव फुप्फुसात जाऊ शकतो. क्वचित पुन्हा नळी घालावी लागते. वयस्कर रुग्णांना हा धोका अधिक.

अंदाज का पुरत नाही?

पाच सेकंद डोके उचलायला लावणे, हात घट्ट धरायला सांगणे या जुन्या चाचण्या. पण अंमल शिल्लक असतानाही अनेक रुग्ण त्या पार करतात. किती वेळ गेला यावरूनही नेमका अंदाज बांधता येत नाही. फ्रान्समधील २००३ च्या एका अभ्यासात औषधाच्या एकाच मात्रेनंतर दोन तास उलटूनही ३७ टक्के रुग्णांचे स्नायू पूर्ववत झालेले नव्हते.

यंत्र नेमके काय मोजते?

मनगटापाशी अल्नर मज्जातंतूवर दोन इलेक्ट्रोड चिकटवतात. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार विद्युत धक्के दिले जातात आणि प्रत्येक वेळी अंगठ्याचा स्नायू किती प्रतिसाद देतो, हे यंत्र नोंदवते. चौथ्या प्रतिसादाला पहिल्याने भागले की गुणोत्तर मिळते. ते किमान ०.९ झाल्यावरच नळी काढणे सुरक्षित मानतात. साध्या उपकरणाने धक्का देऊन अंगठ्याकडे नुसते पाहिले, तर गुणोत्तर ०.४ च्या पुढे गेल्यावर चारही हालचाली सारख्याच वाटतात. म्हणजे ०.४ ते ०.९ हा धोक्याचा टप्पा डोळ्यांना दिसतच नाही.

यंत्र आणले की काम झाले?

नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या भूलशास्त्र विभागाचा अनुभव हेच सांगतो. तेथे २०११ च्या पाहणीत रिकव्हरी कक्षातील ३१ टक्के रुग्णांचे गुणोत्तर ०.९ च्या वर गेलेले नव्हते. शस्त्रक्रियागृहांत यंत्रे बसवली, तरी लगेच फरक पडला नाही. व्याख्याने, प्रत्यक्ष मार्गदर्शन आणि पुन्हा पुन्हा पाहणी करून तिचे निष्कर्ष डॉक्टरांसमोर मांडणे, असे वर्षभर चालले. २०१२ मध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले.

अडचणी कोणत्या?

‘माझ्या रुग्णांना असा त्रास होत नाही’ हा अनुभवी डॉक्टरांचा विश्वास ही पहिली अडचण. दुसरी तांत्रिक. काही यंत्रांना अंगठा मोकळा हलावा लागतो. हात अंगालगत बांधला असेल तर ती उपयोगी पडत नाहीत. स्नायूतील विद्युत संकेत मोजणाऱ्या यंत्रांना ही अट नसते, पण त्यांच्या खास इलेक्ट्रोडचा खर्च दर रुग्णामागे येतो. शिवाय शिथिलक देण्याआधीच यंत्र लावून मूळ नोंद घ्यावी लागते. घाईत हीच पायरी सुटते.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी मोजणी करण्याची आणि गुणोत्तर ०.९ झाल्याची खात्री करूनच नळी काढण्याची शिफारस केली आहे. उतारा म्हणून निओस्टिग्मिन द्यावे की सुगामाडेक्स आणि किती, हेही या आकड्यावरून ठरवता येते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत मूत्रपिंडाचा किंवा स्नायूंचा आजार, आधीच्या भुलेत झालेला त्रास भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावा. स्नायूंची ताकद परतल्याचे कसे तपासणार, हेही विचारायला हरकत नाही.