पत्र्याच्या आतली धूळ

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती किमान 35 फूट उंच पत्रे, इमारतीभोवती ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, राडारोड्याच्या गाड्या झाकलेल्या. रस्त्यावरच्या माणसासाठी हे हवंच होतं.

पण मजूर पत्र्याच्या आत असतो. ग्राइंडरने काँक्रीट किंवा टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला गमछा ही बारीक धूळ अडवत नाही. पात्यावर पाण्याची धार सोडली की बरीचशी जागीच बसते. एवढी सोय न करणाऱ्या ठेकेदाराचं काम तिथेच थांबवायला हवं.

मजुराच्या नावाने पैसा तर गोळा होतो. कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या किमान 1 टक्का उपकर घेतला जातो. त्यातून लाभ मिळतो तो नोंदणी झालेल्यालाच: वय 18 ते 60, मागच्या वर्षभरात 90 दिवस काम. आज या साइटवर, उद्या त्या साइटवर राबणाऱ्याला त्या 90 दिवसांचा दाखला मिळवतानाच घाम फुटतो.