रिकामी फळी

शिंदखेड्याला आमचे किराणा दुकान होते. दुकान लहान, पण फळी कधी रिकामी नसे. व्यापारी माल आधी देत, पैसे महिन्याने नेत. "दुकान पैशावर नाही, शब्दावर चालतं," नाना म्हणत.

मला ते जुनाट वाटे. तापी लाइनीची गाडी धरून मी सुरतेला गेलो नि एका मोठ्या दुकानसाखळीत चिकटलो. काचेची दारे, थंडगार हवा, गळ्यात ओळखपत्र! १९९७ साली चेन्नईत निघालेली 'सुभिक्षा' सुमारे १६०० दुकानांपर्यंत वाढून २००९ साली बसली, हे ऐकून होतो. पण आपले मालक वेगळे!

पुढे एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर तेलाची गाडीच आली नाही. मागची बिले थकली होती. माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून बिले तशीच! हुकूम सुटला : उरलेले डबे फळीच्या कडेला ओढा, मागची पोकळी दिसता कामा नये. आमचा पगारही लांबला.

एका खानदेशी आजीबाईंनी पुढचा डबा उचलला, मागे पाहिले नि हळूच विचारले, "बाबा, तू जेवलास का रे?"

आज शिंदखेड्याचे दुकान मी चालवतो. आधी व्यापाऱ्याचे पैसे, मग घरखर्च!